मॅनकिन पक्ष्याचा नर दिवसभर नाचत असतो, मग तो खातो कधी?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की पिल्लं कोण सांभाळतं. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: मादी. घरटं तीच बांधते, दोन अंडी तीच उबवते, भरवतेही तीच. नर तिकडे फिरकतसुद्धा नाही.

(आधी एक खुलासा. कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्याचं नाव याला कसं, असं वाटलं असेल तर दोन्ही शब्द डचमधल्या ‘छोटा माणूस’ या शब्दावरून आलेत.)

आता खाण्याचं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलांत राहणारा हा मुठीत मावेल एवढा पक्षी मुख्यतः झुडपांवरच्या बारीक फळांवर जगतो. किडा लपतो, पळतो, त्याला हुडकण्यात दिवस जातो. फळाचं उलटं, झाडालाच बी पसरवून हवं असतं, म्हणून ते रंग दाखवून बोलावतं. चार फळं गिळली की नर परत नाचायला मोकळा. पक्षी-अभ्यासक डेव्हिड स्नो यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्रिनिदादमध्ये या पक्ष्यांचा बारकाईने अभ्यास केला. काही नर दिवसाउजेडीचा सुमारे ९० टक्के वेळ नाचाच्या जागेवरच काढतात, असं त्यांना आढळलं. तिथे मायकोनिया झुडपांच्या जातीही आळीपाळीने पिकतात, त्यामुळे वर्षभर काही ना काही मिळतंच.

पण नर पिल्लांच्या कामातून सुटतो, याचं सगळं श्रेय फळांना देऊ नका. भल्यामोठ्या चोचीचा टुकान पक्षीही मुख्यतः फळंच खातो, आणि त्यांच्यात नर-मादी दोघं मिळून पिल्लं वाढवतात. मला तरी असं वाटतं की फळांनी नराला सवड दिली, एवढंच. घरट्याशी ये-जा करणारी एकटी मादी असली की शिकाऱ्याच्या नजरेत कमी येते, हेही कारण सांगितलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे.

नाच म्हणाल तर मी पहिल्यांदा तो पाहिला नाही, ध्वनिमुद्रणात ऐकला, आणि वाटलं कुणीतरी वाळकी काटकी मोडतंय. पनामातल्या सोनेरी गळ्याच्या मॅनकिनचा तो पंखांचा आवाज होता: पाठीवर दोन्ही पंख एकमेकांवर आपटून काढलेला. हा नर जमिनीवरचा पालापाचोळा उचलून रिंगण स्वच्छ करतो आणि भोवतीच्या रोपट्यांवर टणाटण उड्या मारतो. त्या वेळी त्याचं हृदय मिनिटाला हजाराहून जास्त ठोके टाकतं. मादी निवडते तो चपळ नर, आणि तिला कळणारा वेगातला फरक सेकंदाच्या काही शतांशांचा असतो! लाल डोक्याचा मॅनकिन फांदीवर मागे मागे घसरत जातो, तेही बघण्यासारखं.

माझा सगळ्यात आवडता मात्र कोस्टा रिकातला लांब शेपटीचा. तिथे दोन नर जोडीने नाचतात. मादी फांदीवर येऊन बसली की एक जण हवेत उडी घेऊन मागे जातो, दुसरा सरकून त्याच्या जागी येतो, पुन्हा पहिला, अगदी रहाटगाडग्यासारखं. दोघं भाऊ नसतात. मादीशी जुळतो तो जवळपास नेहमीच थोरला. धाकटा वर्षानुवर्षं नुसती साथ करतो. थोरला मेला की ती फांदी त्याची होते.