विचारा डॉक्टरताईंना : राहतंय, पण टिकत नाही

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी 34 वर्षांची आहे, धायरीला राहते, जॉब हिंजवडीला. लग्नाला 5 वर्षं झाली. 3 वेळा राहिलं आणि तिन्ही वेळा गेलं. पहिल्यांदा सातव्या आठवड्यात आपोआपच, तेव्हा डॉक्टर म्हणाले पहिल्या वेळेला होतं असं, म्हणून आम्ही पण फार मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वेळेला ठोके दिसले होते, मी आईला आणि सासूबाईंना सांगूनही टाकलं, आणि नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला डॉक्टरांनी स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवला, मला तेव्हाच कळलं. क्युरेटिंग केलं. तिसऱ्या वेळेला तर रोज पोटात इंजेक्शन, गोळ्या, बेडरेस्ट, घरून काम, सगळं केलं तरी आठव्या आठवड्यात ठोके आलेच नाहीत, परत क्युरेटिंग. त्याला आता 4 महिने होतील.

टेस्ट म्हणाल तर टॉर्च (गर्भाला बाधू शकणाऱ्या इन्फेक्शनची रक्ततपासणी) केली, त्यात मांजरांमुळे होऊ शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माचं आयजीजी पॉझिटिव्ह आलं (आयजीएम निगेटिव्ह) म्हणून सासूबाईंनी घरातली मांजर देऊन टाकली. क्युरेटिंगनंतर दहाव्या दिवशी अँटिकार्डिओलिपिन (रक्त गोठण्याच्या आजाराची टेस्ट) केलं ते थोडं वाढलेलं होतं. मिस्टरांचा रिपोर्ट नॉर्मल आहे. आता एका सेंटरवर सांगितलंय की सरळ आयव्हीएफ करा, गर्भ तपासून सोडू, 3 लाख 60 हजार खर्च. मिस्टर एफडी मोडायला तयार आहेत. पण मला तर प्रयत्न केल्यावर दोन-तीन महिन्यांत राहतं हो, मग आयव्हीएफ कशाला हेच कळत नाही. आणि अजून एक, तिसऱ्या वेळेला मी एकदा सिंहगड रोडनं स्कूटीवर गेले होते, खड्डे किती आहेत माहितीच आहे तुम्हाला, त्याने तर झालं नसेल ना?
– एक वाचक, धायरी

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझ्या मुलीएवढी आहेस. शेवटचं आधी घेते, कारण पत्रात ते शेवटी असलं तरी रात्री झोपताना पहिलं तेच आठवत असणार. स्कूटीने झालेलं नाही. सिंहगड रोडच्या खड्ड्यांनी गर्भ पडत असते तर अर्ध्या पुण्यात पाळणा हलला नसता. झोपून राहिल्यानेही तो टिकत नाही, बेडरेस्टचा उपयोग होतो असं कुठेच दिसलेलं नाही.

आणि मांजर परत आणा. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह म्हणजे आत्ता नाही, कधीतरी, कदाचित शाळेत असताना, ते इन्फेक्शन होऊन गेलं आणि शरीराने त्याची नोंद ठेवली, एवढंच. तेवढ्याने पुन्हा पुन्हा मिसकॅरेज होत नाहीत. वारंवार गर्भपात झाले की टॉर्च लिहून द्यायची आपल्याकडे सवयच पडलीय, तिचा इथे काही उपयोग नसतो, आणि वर घरातल्यांना बोट दाखवायला काहीतरी मिळतं.

आता मुख्य मुद्दा. तुझं राहतंय, टिकत नाहीये. आयव्हीएफ मुळात राहत नाही त्यांच्यासाठी आहे, म्हणजे नळ्या बंद, शुक्राणू फार कमी, वगैरे. ज्या बाईला दोन-तीन महिन्यांत आपसूक राहतं तिला नुसतं आयव्हीएफ केल्याने ते टिकेलच असं नाही. गर्भ तपासून सोडतात त्याला पीजीटी-ए म्हणतात, त्यात तयार झालेल्या गर्भांमधून गुणसूत्रं बरोबर असलेला निवडतात. निवडतात, चांगला बनवत नाहीत. कारण न सापडलेल्या जोडप्यांमध्ये त्याने मूल हातात येण्याचं प्रमाण वाढतं असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, म्हणून एफडी एवढ्यात मोडू नका.

मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे 2 क्युरेटिंग झाली आणि त्या गर्भाची गुणसूत्रं तपासल्याचा कुठेच उल्लेख नाही. फाइल काढून बघ, फार तर एक हिस्टोपॅथॉलॉजीचा कागद असेल, गर्भाचा अंश दिसला एवढं लिहिलेला. पहिल्या 3 महिन्यांत जे गर्भ जातात त्यातले साधारण निम्मे त्यांच्या स्वतःच्याच गुणसूत्रांत गडबड असल्यामुळे जातात, आणि ती गडबड बहुतेकदा त्याच वेळेपुरती असते, आईबापांत काही नसतं. ते कळलं असतं तर आज तू स्कूटीचा विचार करत बसली नसतीस. पुन्हा अशी वेळ येऊ नये, पण आलीच तर क्युरेटिंगच्या आधीच सांगून ठेवायचं की सॅम्पल गुणसूत्रांच्या तपासणीला जाणार आहे, फॉर्मलिनमध्ये टाकू नका, निर्जंतुक सलाईनमध्ये द्या. फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात, मग कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, होत नाही. त्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, त्यामुळे हे मिस्टरांच्या फोनमध्ये आत्ताच लिहून ठेवा.

रक्त गोठण्याच्या आजाराचं म्हणशील, म्हणजे ज्याला सगळे एपीएलए म्हणतात, तर एकदाच, तेही क्युरेटिंगनंतर दहाव्या दिवशी, आणि तीनपैकी एकच टेस्ट केलेली, यावरून काही म्हणता येत नाही. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीन, तिन्ही कर, आणि पॉझिटिव्ह आलं तर 12 आठवड्यांनी परत. दोन्ही वेळेला आलं तरच तो आजार. तुला आता 4 महिने झालेत, इंजेक्शनं पण बंद असतील, म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे. हा आजार निघाला तर तुझ्या दृष्टीने ती चांगली बातमी समज, कारण त्यावर ॲस्पिरिनची छोटी गोळी आणि हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं पोटातलं इंजेक्शन, असा उपाय आहे. नाही निघाला तर पुढच्या वेळी पोटाला रोज टोचून घेण्यात अर्थ नाही.

बाकीचं पटकन सांगते. दोघांचं कॅरिओटाइप करा (दोघांचं! पुष्कळदा एकट्या बाईचंच करून आणतात), साध्या रक्ततपासणीत होतं, रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. थायरॉइड आणि एचबीएवनसी (साखरेची टेस्ट). पिशवीत पडदा वगैरे नाही ना हे बघायला 3डी सोनोग्राफी, त्यात शंका आली तर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने पिशवी आतून बघणं. मिस्टरांचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट म्हणजे संख्या आणि हालचाल, शुक्राणूंच्या डीएनएचं त्यात काही कळत नाही, त्याची वेगळी टेस्ट असते, ती सगळ्यांनाच लागते असं नाही पण डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि सिगारेट-तंबाखू असेल तर टेस्टची वाट न बघता सोडायला लावा. एनके सेल आणि एमटीएचएफआरच्या टेस्ट, नवऱ्याच्या रक्तातल्या पेशी टोचून घेणं, इंट्रालिपिडची सलाईन, या वाटेला जाऊ नकोस, खर्च दणदणीत आणि आधार नाही.

आयव्हीएफ कधी, तर कॅरिओटाइपमध्ये दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल झालेले निघाले, ट्रान्सलोकेशन म्हणतात त्याला, तर गर्भ तपासून सोडण्याचा विचार खरंच करता येतो, तेव्हाही आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटून. त्या सेंटरला तीन गोष्टी मात्र स्पष्ट विचार : माझ्या वयाला साधारण किती गर्भ तपासणीपर्यंत पोहोचतात, एकही चांगला निघाला नाही तर काय, आणि सांगितलेले पैसे एका सायकलचे की सगळे मिळून. उत्तर देताना ब्रोशर पुढे सरकवलं तर उठून ये.

आणि निम्म्या जोडप्यांत कारण सापडतच नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण त्यांचंच पुढे बरं होतं. 3 गेल्यानंतर, कारण सापडलं नसताना, तुझ्या वयाला 10 पैकी 6-7 जणींना वेगळं काही न करता मूल होतं. मात्र वय थांबत नाही, म्हणून टेस्ट या महिन्यातच सुरू कर, फोलिक ॲसिड चालू ठेव, आणि पुढच्या वेळी राहिलं आणि जरा जरी डाग दिसला तरी लगेच दाखव. ब्रिटनमध्ये 4000 पेक्षा जास्त बायकांवर केलेला अभ्यास 2019 मध्ये आला, त्यात आधी 3 किंवा जास्त मिसकॅरेज झालेल्या आणि सुरुवातीला रक्तस्राव असलेल्यांमध्ये योनिमार्गे प्रोजेस्टेरॉन दिल्यावर 72 टक्के जणींना मूल झालं, न दिलेल्यांमध्ये 57 टक्के. रक्तस्राव नसताना सरसकट घेऊन मात्र फायदा दिसलेला नाही.

जाता जाता, कायद्याने मिसकॅरेजनंतर 6 आठवडे पगारी रजा आहे. तू ‘घरून काम’ लिहिलंयस म्हणून सांगितलं.

प्रश्न : डॉक्टरताई, माझं पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे. माझ्या वहिनीचं वर्षभरात 2 वेळा मिसकॅरेज झालं. आई म्हणते तिला बोलवू नको, तिने ओटी भरायला नको. मला ते पटत नाही पण बोलावलं तर तिला त्रास होईल असंही वाटतं. काय करू?
– चिंचवड

उत्तर : त्रास होईल की नाही हे वहिनीलाच ठरवू द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर आमंत्रण टाकायच्या आधी तिला फोन करा आणि सरळ म्हणा, वहिनी, तू आलीस तर मला फार आवडेल, नाही आलीस तरी मी समजून घेईन. आईंचं ओटीचं म्हणणं वैद्यकात तरी कुठे बसत नाही, ती आली तर ओटी भरू दे, तुम्हाला काही होत नाही. नाही आली तर जेवणाचा डबा पाठवा आणि नंतर घरातलं कुणी तिला ‘का गं आली नाहीस’ विचारणार नाही एवढं बघा.