34 की 38? खांदेदुखी आणि ब्राचं माप

वेंगुर्ल्याकडची एक बाई, चाळिशीच्या आतली. काजूच्या कारखान्यात काम करणारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खांदे भरून येतात म्हणून डॉक्टरांकडे आली आणि तिथून माझ्याकडे. बराच वेळ मुलांच्या शाळेबद्दल बोलत राहिली. मग दाराकडे बघत म्हणाली, "मॅडम, माका सांगूक लाज वाटता. खयचीच ब्रेसियर माका बसणा नाय. माझ्या अंगातच कायतरी खोट आसा."

हे वाक्य मी या ना त्या रूपात वारंवार ऐकते, कॉलेजच्या मुलींकडून, अंगावर पाजणाऱ्या आयांकडून, पाळी जायला आलेल्या बायकांकडूनही. खोट अंगात नसते, मापात असते.

ती 38 बी वापरत होती. का, तर आधी 34 बी घेतली होती, ती वरून दाटायची. दुकानदाराने मोठा नंबर दिला, मग त्याहून मोठा. घामाच्या दिवसांत सैलच बरी, असंही तिला वाटलं. पण ब्रा वजन पेलते ती मुख्यतः छातीखालच्या पट्ट्यावर. तो सैल पडला की मागून वर चढतो, बाई खांद्याचे पट्टे आवळते आणि सगळा भार खांद्यावर येतो. तिच्या दोन्ही खांद्यांवर बोटभर रुंद वळ होते.

माप दुकानात का नाही घेतलं, असं मी विचारलं नाही. काउंटरवर पुरुष उभा असतो, शेजारी गावातलंच कुणीतरी असतं. ही अडचण खरी आहे, तिला उगाच लाजाळूपणा म्हणू नये. टेप तिच्या हातात दिला, ती पडद्यामागे गेली, मी बाहेरून सांगत राहिले. (घरी टेप नसेल तर नाडी गुंडाळावी, खूण करावी आणि मुलांच्या पट्टीवर मोजावी.)

पहिलं माप स्तनांच्या अगदी खाली. श्वास सोडून, टेप घट्ट पण रुतणार नाही असा. पाठीमागे तो खाली घसरतो आणि तिथेच माप चुकतं, म्हणून आरशात पाठ बघायची. दुसरं माप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, पॅड नसलेली ब्रा घालून, टेप न आवळता. पाळीच्या आधी स्तन जड होतात, तेव्हाचं माप धरू नये.

तिची मापं आली 76 आणि 93 सेंटीमीटर, म्हणजे साधारण 30 आणि 37 इंच. आपल्याकडच्या जुन्या हिशेबात खालचं माप सम असेल तर 4 मिळवायचे, विषम असेल तर 5. 30 आणि 4 झाले 34. मग 37 मधून 34 वजा, राहिले 3. एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी. म्हणजे 34 सी.

ती गप्पच झाली. "34 तर माका दाटत होती," म्हणाली. दाटत होता तो बी कप, पट्टा नव्हे. आकडा पट्ट्याचा आणि अक्षर कपाचं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मोबाईलवर शोधलं तर काही तक्ते 4-5 मिळवतच नाहीत, मग हीच बाई 30 नंबरची ठरते आणि कपाचं अक्षर पार पुढे जातं. म्हणून मी सांगते, सेंटीमीटरची दोन्ही मापं कागदावर लिहून न्या आणि त्या कंपनीच्या पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून बघा. 34 सी मिळालीच नाही तर 36 बी चा कप जवळपास तेवढाच असतो, पट्टा मात्र सैल.

नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसायला हवी, म्हणजे इलॅस्टिक सैलावल्यावर आतले हुक कामी येतात. पट्टा पाठीवर आडवा सरळ, खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा, कपातून काही बाहेर येत नाही आणि कप चुरगळतही नाही, एवढं बघावं. एक बाजू थोडी मोठी असणं अगदी सामान्य आहे. कप मोठ्या बाजूप्रमाणे घ्यावा. आपल्या दमट हवेत रोजच्या वापराला सुतीच बरी. पावसात अर्धवट ओली घालू नका, स्तनांखाली घाम मुरून पुरळ आणि बुरशी होते.

जाताना तिने विचारलं, "आणि माझ्या चेडवाचा?" मुलगी तेरा वर्षांची. वाढत्या वयात माप बदलत राहतं, म्हणून दर काही महिन्यांनी तिचं तिलाच घेऊ द्या, तुम्ही फक्त कसं घ्यायचं ते दाखवा, असं मी सांगितलं. घट्ट ब्रामुळे कॅन्सर होतो ही भीती तिच्या डोक्यात घालू नका, तसं होत नाही. मात्र गाठ लागली, त्वचा आत ओढली गेली किंवा एका बोंडातून रक्त किंवा पाणी आलं, तर माप बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवायचं, तिनेही आणि तुम्हीही.