इग्वानाला घोरपड म्हणावं का?

गुहागरकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: मुंबईचा भाचा सुट्टीत आपला पाळलेला हिरवा इग्वाना घेऊन आला. आजीने पाहताक्षणी म्हटलं, 'अगो बाई, घोरपड!' भाचा म्हणतो, घोरपड नव्हे. मग मराठीत निदान 'हिरवी घोरपड' म्हणायला काय हरकत आहे?

हरकत आहे. आजींचं मात्र काहीच चुकलं नाही. हीच गल्लत इंग्रजांनी उलट्या बाजूने केली. 'इग्वाना' हा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द. स्पॅनिश लोकांनी तो उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजीत आला. पुढे ऑस्ट्रेलियात इंग्रजांना घोरपडीच्या जातभाई दिसल्या, त्यांनाही ते इग्वानाच म्हणू लागले. तो शब्द झिजून 'गोआना' झाला आणि तिथे आजही घोरपडींना तेच नाव आहे. ब्रिटिश अमदानीतल्या इंग्रजी लिखाणात आपल्याकडच्या घोरपडीलाही 'इग्वाना' म्हटलेलं आढळतं.

आता प्राणी बघा. जांभ्याच्या गडग्यावरून घोरपड चालली की मध्येच थांबते आणि जीभ बाहेर काढते. लांब, सापासारखी दुभंगलेली. वासाचा माग ती त्या जिभेने काढते, कारण तिला किडे, बेडूक, उंदीर, अंडी हवी असतात. इग्वानाची जीभ जाड नि आखूड, आणि खाणं म्हणजे पानं, फुलं, फळं. त्याच्या गळ्याखाली कातडीची झोळी लोंबते, पाठीवरून काट्यांची ओळ जाते. सगळ्यात पक्की खूण म्हणजे कानाच्या खाली असलेला एकच मोठा, गोल, चकचकीत खवला, शर्टाच्या बटणाएवढा. तो दिसला की वाद संपला. नात्यानेही हा प्राणी घोरपडीपेक्षा आपल्या कुंपणावरच्या सरड्याला जवळचा.

नावाचा घोळ नुसता शब्दांपुरता राहत नाही. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला धरणं, पाळणं, मारणं गुन्हा आहे. घुमट या मातीच्या वाद्यावर पूर्वी तिचं कातडं चढायचं, आता बकऱ्याचं चढवतात, ते यामुळेच. इग्वाना मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतचा रहिवासी. उद्या कंटाळून कुणी तो आगरात सोडला आणि शेजारीपाजारी 'घोरपडच ती, राहू दे' म्हणाले, तर मला खरी भीती वाटते. फ्लोरिडात पाळीव म्हणून आणलेले इग्वाना असेच पसरले. त्यांच्या बिळांनी कालव्यांचे काठ ढासळतात, बागा फस्त होतात. मादी एका वेळी वीसपासून सत्तरपर्यंत अंडी जमिनीत पुरते. तिथे निदान एखाद्या कडाक्याच्या थंडीत ते गारठून झाडावरून खाली पडतात. कोकणात तेवढी थंडी कुठली?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: 'इग्वाना'च म्हणा. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून काजू आणि अननस आले ते तिथल्या तुपी लोकांनी दिलेली नावं घेऊनच, आणि आज ती नावं परकी आहेत असं कोकणात कुणाच्या मनातही येत नाही.

राहिलं व्याकरण. लिंग पुल्लिंगी, 'तो इग्वाना'. 'सरडा'चं 'सरड्याला' होतं तसं 'इग्वान्याला' करावं का, असाही प्रश्न होता. 'सोडा' हा परका शब्द मराठीत जुना, म्हणून 'सोड्यात'. 'कोरोना' नवा, म्हणून 'कोरोनाला'. तेव्हा सध्या 'इग्वानाला', आणि अनेकवचनही 'इग्वाना'च. आजींच्या तोंडी उद्या 'इग्वाने' आलं, तर तेही मी आनंदाने लिहीन.