दुसरी गिटार गेली, आता तिघंच

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचा चौघांचा बँड होता. दुसरी गिटार वाजवणारा मित्र शिक्षणासाठी लांब गेला. आता लीड गिटार, ड्रम्स आणि मी. मी बेस वाजवतो आणि गातोही. गेल्या आठवड्यात तिघांनीच तालीम केली, पण गिटारचा सोलो सुरू झाला की गाण्यातली हवाच निघून जाते. ड्रमर म्हणतो, नवा गिटारिस्ट शोधू. गिटारिस्ट म्हणतो, तिघंच राहू. तुम्ही इतकी वर्षं तिघांच्या बँडमध्ये आहात. आम्ही काय करावं?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना आमची जुनी तालमीची खोली डोळ्यांसमोर आली. १७ वर्षांपूर्वी आम्हीही चौघांचे तिघं झालो. पहिल्याच तालमीत सोलो सुरू झाला, आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि वाजवणं थांबवलं. म्हणून आधी एवढंच सांगते, चौथा माणूस घाईने शोधू नका. तुम्ही तिघं कमी पडत नाही आहात. तुमची गाणी अजून चौघांसाठी बसवलेली आहेत.

हवा निघते तेव्हा नेमकं काय होतं ते पाहा. गिटारिस्ट सोलोला वर गेला की कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, कुणीच वाजवत नाही. तुमच्या बेसची सगळ्यात जाड मोकळी तार ४१ हर्ट्‌झच्या आसपास बोलते आणि गिटारिस्टची सगळ्यात पातळ तार बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या पट्टीवर, ६६० च्या घरात. मधला सगळा मजला रिकामा. आधी तिथे दुसरी गिटार बसलेली असायची, म्हणून तो कधी जाणवला नाही.

अशा वेळी हात आपोआप जास्त सूर वाजवायला लागतात. मीही तेच केलं आणि सोलो आणखी गिचमिड झाला. ज्यामुळे खरा फरक पडला ते सांगते. समजा सोलो ए मेजरमध्ये आहे. ए ची तार मोकळी वाजू द्या आणि त्याच वेळी जी च्या तारेवर सहावा फ्रेट दाबा. खाली ए, वर सी शार्प. एवढ्या दोन सुरांत कॉर्ड मेजर आहे हे कानाला कळतं आणि मधली जागा भरते. डी आली की डी ची तार मोकळी आणि जी च्या तारेवर अकरावा फ्रेट. ई ला खालची ई मोकळी आणि जी च्या तारेवर पहिला फ्रेट. अंगठ्याने खालची तार, मधल्या बोटाने वरची. हाताला उड्या मोठ्या आहेत, त्यामुळे आठवडाभर अगदी सावकाश करा. आणि संपूर्ण सोलोभर हेच वाजवू नका. पहिल्या फेरीत नुसता मूळ सूर ठेवा, दुसऱ्या फेरीत हे आणा. सोलो चढत गेल्यासारखा वाटेल.

ड्रमरला सांगा, सोलोच्या पहिल्या मात्रेवर हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) सोडून राइडवर (मोठ्या झांजेवर) जा. राइडची गुंज लांब पसरते आणि वरचा पडदा भरते. गिटारिस्टने दोन तानांच्या मध्ये एखादी कॉर्ड वाजवून पुढे जावं. तिघांनी मिळून एवढं केलं की पुढच्या तालमीत फरक कळेल.

जुनं ऐकायला बसा, पण कान त्या रिकाम्या जागांवर ठेवा. ‘द पोलीस’ या तिघांच्या बँडमध्ये गिटारिस्ट अँडी समर्स एको आणि कोरस हे इफेक्ट वापरून एकाच गिटारचा सूर पसरवतो, आणि ड्रम्स व बेस मुद्दाम मोकळ्या जागा सोडतात. तुमच्यासारखं बेस वाजवत गाणारे तर तिघांच्या बँडमध्ये कितीतरी होऊन गेले. ‘क्रीम’चा जॅक ब्रूस, ‘पोलीस’चा स्टिंग, ‘रश’चा गेडी ली. गेडी ली तर वर कीबोर्ड सांभाळायचा आणि पायाने पेडलवर बेसचे सूर द्यायचा. जॅझकडे वळायचं असेल तर पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाची १९६१ ची ध्वनिमुद्रणं ऐका. त्यात स्कॉट लाफॅरोचा बेस पियानोच्या मागे चालत नाही, त्याच्याशी बोलत राहतो. माझा बेसकडे बघण्याचा दृष्टिकोन त्या बेसने बदलला.

गाणं आणि बेस एकत्र करण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते, कारण चौघांत ही अडचण झाकली जाते आणि तिघांत उघडी पडते. गाण्याची ओळ समेच्या आधी उचलत असेल आणि बेस समेवर पडत असेल, तर तोंड हाताला ओढून नेतं. आधी हात इतका पक्का करा की वाजवता वाजवता कुणाशी बोलता येईल. मग शब्द नुसते बोला, गाऊ नका. कोणतं अक्षर बेसच्या कोणत्या सुराबरोबर पडतं ते कागदावर लिहून काढा. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीचं गाणं मी ६० वर आणून असं बसवते, आजही.

आता तिघांत वाजवण्याचं सुख. एका कार्यक्रमात ऐन गाण्यात आमच्या गिटारिस्टची बी ची तार तुटली. चौघं असतो तर दुसऱ्या गिटारने ते झाकलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. इथे अचानक फक्त ड्रम्स आणि बेस उरले. ड्रमरने माझ्याकडे पाहिलं आणि सगळे सिम्बल सोडून दिले. पायाचा किक ड्रम, हाताचा स्नेअर, बस. मी चार सुरांची एकच चाल धरली आणि गायचं थांबवलं. समोरचे लोक टाळ्यांनी ताल धरायला लागले. तिकडे तो दुसरी गिटार गळ्यात अडकवतोय, पेडल दाबून आवाज बंद ठेवून सूर जुळवतोय. त्याने मान वर केली, आम्ही तिघांनी एकदम श्वास घेतला आणि तो बरोबर समेवर आला. हे आधी ठरवलेलं नव्हतं. तीन माणसं असली की नजर एका क्षणात सगळीकडे फिरून येते. मी पाच आणि सहा जणांबरोबरही वाजवलं आहे, पण हा अनुभव मला फक्त तिघांत आला.

तोटेही स्पष्ट सांगते. लपायला जागा नसते. माझा एक सूर चुकला तर पन्नास टक्के स्वरसंगत चुकते. एक जण आजारी पडला की कार्यक्रम रद्द. आमच्या ड्रमरचं मनगट सुजलं तेव्हा आम्ही तीन महिने घरी बसलो.

पण सगळ्यात जपायची गोष्ट दोन विरुद्ध एक. मी आणि गिटारिस्ट एकाच भागात राहायचो, येता-जाता एकत्र असायचो. गाण्यांचा क्रम, कोणता कार्यक्रम घ्यायचा, कोणता सोडायचा, सगळं प्रवासातच बोलून व्हायचं. तालमीला पोचल्यावर ड्रमरला आम्ही निर्णय ‘कळवायचो’. दीड वर्ष तो काही बोलला नाही. मग एके दिवशी काठ्या पिशवीत भरता भरता म्हणाला, “तुम्हा दोघांचा बँड आहे, मी साथीला येतो.” ते वाक्य मला अजून टोचतं, कारण ते खरं होतं. त्या दिवसापासून आमचा नियम आहे, तिघं समोर नसतील तर बँडविषयी एक शब्दही बोलायचा नाही. तो पाळायला जड जातो, पण आम्ही पाळतो. ‘क्रीम’मध्ये तिघंही अव्वल वादक होते, तरी ब्रूस आणि ड्रमर जिंजर बेकर यांचं जमलं नाही आणि १९६६ चा बँड १९६८ मध्ये संपला. उलट ‘झीझी टॉप’चे तिघं १९७० पासून त्यांचा बेसवादक डस्टी हिल २०२१ मध्ये वारेपर्यंत तेच होते.

तुमच्याकडे आत्ताच एक हो म्हणतोय आणि एक नाही. तुमचं मत ज्याच्या बाजूला पडेल, त्याच्या विरुद्धचा एकटा पडेल. म्हणून मत देऊ नका. सहा गाणी निवडा, ती तिघांसाठी नव्याने बसवा आणि दोन महिन्यांनी एकदा लोकांसमोर वाजवा. ध्वनिमुद्रण करा आणि तिघं एकत्र बसून ऐका. ड्रमरला तेव्हाही गिटार कमी वाटली, तर त्याचं म्हणणं मनापासून ऐका. ‘निर्वाणा’ या तिघांच्या बँडनेही १९९३ मध्ये दौऱ्यासाठी पॅट स्मिअरला दुसऱ्या गिटारवर घेतलं होतं.

प्रश्न : ताई, आमचंही त्रिकूट आहे. रिकामं वाटू नये म्हणून लॅपटॉपवरून कीबोर्डचा ट्रॅक सोडला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण मी सोडत नाही. ट्रॅक लागला की ड्रमरला कानात क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) घ्यावी लागते आणि मग गाणं आपल्या मर्जीने लांबवता येत नाही. वर सांगितलेली तुटलेली तार आठवा. ट्रॅक असता तर तो आमच्यासाठी थांबला नसता. अगदी लागणारच असेल तर गाण्याच्या सुरुवातीला एखादा लांब सूर ठेवा आणि ड्रम्स सुरू झाले की बंद करा. त्याची कळ ड्रमरच्या पायाशी द्या.