पहिल्यांदाच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना

प्रश्न : मी २१ वर्षांची असून कर्वेनगरमधील वसतिगृहात राहून शिकते. गेले वर्षभर माझी पाळी दीड-दोन महिन्यांनी येते आणि चेहऱ्यावर मुरुमेही वाढली आहेत. पुढच्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. बार्शीहून आई सोबतीला येणार आहे. आतून तपासणी करतील, या धास्तीने झोप लागत नाही. शिवाय काही गोष्टी आईसमोर बोलण्यासारख्या नाहीत. मी काय तयारी करून जावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तुमच्या धास्तीविषयी. पाळी लांबण्याची तक्रार असताना, विशेषतः शरीरसंबंध आलेले नसतील तर, आतून तपासणी करण्याची गरज सहसा पडत नाही. वजन, उंची आणि रक्तदाब पाहिला जातो, मुरुमे आणि चेहऱ्यावरची लव पाहिली जाते आणि पोट वरून तपासले जाते. सोनोग्राफीही सहसा पोटावरूनच होते. मात्र त्यासाठी मूत्राशय भरलेले लागते, म्हणून तासभर आधी चार-पाच पेले पाणी पिऊन लघवी रोखून बसावे लागते, आणि बहुतेक मुलींना खरा त्रास होतो तो या बसण्याचाच. (तिथल्या भिंतीवरची गर्भलिंगनिदानाविषयीची पाटी कायद्याने प्रत्येक केंद्रात लावावीच लागते, ती पाहून बिचकू नये.) आतून तपासणी करावीशी वाटलीच, तर डॉक्टरांनी कारण सांगून तुमची संमती घेतली पाहिजे आणि ती तुम्ही नाकारू शकता. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी एखादी स्त्री हजर असावी, हा तुमचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेतही नोंदवलेला आहे.

खरी तयारी तारखांची करायची आहे. ‘पाळी अनियमित आहे’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. अनेक मुली पाळी संपल्यापासून दिवस मोजतात. ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे असतात, आणि तुमच्या वयात हे अंतर साधारण २१ ते ३५ दिवसांचे असते. ‘१२ जून, पाच दिवस, पहिले दोन दिवस चार-चार पॅड, गाठी नाहीत, पोटात दुखले पण कॉलेज बुडले नाही’ अशी एकेका पाळीची एकेक ओळ, मागच्या पाच-सहा पाळ्यांची, आठवेल तशी लिहून न्या. तारीख नेमकी आठवत नसेल तर परीक्षा, सण, गावाला जाणे यांच्या आधाराने अंदाज बांधा.

त्याच कागदावर औषधेही लिहा. गौरी-गणपतीला किंवा घरच्या कार्याला पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेल्या गोळ्या अनेकींना औषध वाटतच नाहीत, त्यामुळे त्या सांगायच्या राहून जातात. आयुर्वेदिक काढे, मुरुमांवरच्या गोळ्या, वर्षभरात वाढलेले किंवा घटलेले वजन आणि घरात कोणाला मधुमेह किंवा थायरॉइड असल्यास तेही नोंदवा.

आता आईसमोरच्या अडचणीविषयी. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत अजूनही ‘लग्न झाले आहे का?’ असे विचारून शरीरसंबंधांची चौकशी उरकली जाते. मला ही पद्धत मुळीच पसंत नाही, कारण अविवाहित मुलगी साहजिकच ‘नाही’ म्हणते आणि डॉक्टरांना हवे असलेले उत्तर मिळतच नाही. शरीरसंबंध आलेले असतील तर ते स्पष्ट सांगा, कारण पाळी लांबण्याच्या कारणांत गर्भधारणेचा विचार आधी करावा लागतो. लघवीची ती चाचणी सुचवली तर तो चारित्र्यावरचा संशय समजू नका. ती सरसकट केली जाते. तुम्ही सज्ञान आहात, त्यामुळे तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय आईलाही सांगता येत नाही. नंबर लावतानाच स्वागतकक्षात ‘मला पाच मिनिटे डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे’ असे सांगून ठेवा. डॉक्टरांनीच ‘आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?’ म्हटले की आईला सहसा वाईट वाटत नाही.

केस काढणे किंवा आतून धुणे यांची काही गरज नाही. साध्या आंघोळीने काम भागते. सलवार-कुर्ता सोयीचा. त्याच दिवशी पाळी आली तर दवाखान्यात फोन करून विचारा. बहुधा ‘या’ असेच सांगतील, कारण संप्रेरकांच्या काही रक्तचाचण्या पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांतच करायच्या असतात.

जाताच आहात तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या एचपीव्ही लसीविषयीही विचारा. आपल्या पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही लस २०२३ मध्ये बाजारात आली. १५ ते २६ या वयात तिचे तीन डोस सहा महिन्यांत घ्यायचे असतात.

तोपर्यंत पाळी सुरू होऊन तासाला एक पॅड भिजू लागले, चक्कर आली किंवा पोटात असह्य दुखू लागले, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा.