वडिलांचं पोट सुटलेलं आहे, तरी केसपेपरवर ‘कुपोषणाचा धोका’ कसा?

पोट सुटलेला माणूसही कुपोषित असू शकतो, आणि तुम्ही दिलेले आकडे पाहता तो शेरा मला योग्यच वाटतो. बाबांची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) साडेतेवीस. त्यात वावगं काही नाही. पण न्यूमोनिया होऊन दाखल होण्याच्या चार महिने आधी ते ७२ किलोंचे होते, असं तुम्ही लिहिलंय. काही न करता ११ टक्के वजन उतरलं!

कुपोषणाचा धोका ओळखायला ‘मस्ट’ ही ब्रिटनमध्ये तयार झालेली चाचणी बरीच रुग्णालयं वापरतात. तीन ते सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं की तिच्यात थेट २ गुण, आणि २ गुण म्हणजे जास्त धोका. बीएमआय चांगला असला तरी निकाल तोच.

ही झाली नुसती चाळणी. खरी तपासणी पुढे. मी वॉर्डात आहारतज्ज्ञ आहे; पेशंटची आधी कानशिलं बघते. तिथे खळगा पडलाय का, गळ्याची हाडं वर आलीत का, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग सपाट झालाय का. पोटावरची चरबी तशीच राहते आणि स्नायू झडतात. पायांवर सूज असेल तर काटाही फसवतो, कारण त्यात साठलेलं पाणीही मोजलं जातं. मग विचारते: कवळी सैल झालीये का, गिळताना ठसका लागतो का, ताटातलं किती परत जातं? हे शेवटचं तुम्हालाच नीट माहीत असणार, तेव्हा दोन-तीन दिवस लिहून ठेवा.

अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलं म्हणून शिरेतून त्याची बाटली लावायची का, हेही विचारलंत. संसर्गात ते तसंही घसरतं, त्यावरून कुपोषण ठरवत नाहीत. ती बाटली जेवणाची जागा घेत नाही. नातेवाईक मायेने नारळपाणी, मोसंबीचा रस, पेज आणतात, पण त्यात प्रथिनं नसल्यातच जमा. आजारी ज्येष्ठांना किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे बाबांना साधारण ७७ ते ९६ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.) अंडं, दही, पनीर, घट्ट वरण, असं थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या.

मात्र पाच दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल, तर एकदम भरपूर खायला घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं. आधी ते तपासून घ्या, आणि आहार कसा वाढवत न्यायचा हे वॉर्डातल्या डाएटिशियनकडून लिहूनच घ्या.