मुलाकडे कायमचे जावे का?

प्रश्न : मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो असून माझे वय ६९ आहे, पत्नी ६५ वर्षांची आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेला मुलगा आता तेथील नागरिक झाला असून आम्हां दोघांना ग्रीन कार्डवर कायमचे बोलावतो आहे. राहते घर विकून जावे काय? तेथे आमचे मन रमेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घर तूर्त विकू नका. आपल्याकडील आईवडील बहुधा उन्हाळ्यात जातात, दिवस मोठे असतात, मुले सुट्ट्या काढून फिरवतात, आणि त्या पाहुणचारावरूनच कायमचा बेत ठरतो. ग्रीन कार्डचा अर्ज करण्यापूर्वी एकदा पर्यटक व्हिसावर डिसेंबर ते मार्च राहून पाहा. बाहेर बर्फ, मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, अशा दिवशी कोणाच्या गाडीची वाट न पाहता आपण दोघे कोठवर जाऊ शकता, यावर मन रमणे बरेचसे अवलंबून आहे. न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या ओक ट्री रोडसारख्या भारतीय वस्तीत भाजी, देऊळ, ओळखीची भाषा हाताशी मिळते. पण तेथून २५ मैलांवरच्या प्रशस्त बंगल्यात, जेथे रस्त्याला पदपथही नसतो, माणूस खिडकीशी बसून राहतो.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. तेथे कधी नोकरी न केलेल्या ग्रीन कार्डधारकाला, वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेली असली तरी, हप्ता भरून मेडिकेअरमध्ये, म्हणजे तेथील ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात, येण्यासाठी आधी सलग ५ वर्षे तेथे राहावे लागते. तोवर खासगी विम्याचा हप्ता कोण भरणार, हे मुलाशी आकड्यांतच बोला. येथे भीड नको.

‘सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे’ असा विचार असेल, तर ग्रीन कार्ड त्यासाठी नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास विमानतळावर चौकशी होऊ शकते आणि पूर्वपरवानगीशिवाय वर्षाहून अधिक राहिल्यास ते कार्ड परत येण्यास चालत नाही. अशा ये-जा करणाऱ्यांना पर्यटक व्हिसाच अधिक सोयीचा. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मात्र तेथूनही द्यावाच लागेल.

आपल्या पत्रात पत्नीचे वय आले, मत आले नाही. चाळीसएक वर्षे स्वतःच्या हाताने चालवलेले स्वयंपाकघर सोडून सुनेच्या स्वयंपाकघरात वावरायचे आहे ते त्यांना. तेव्हा मुलाला होकार कळवण्यापूर्वी त्यांना विचारा, आणि विचारताना मुलगा फोनवर नसू द्या.